सहमतीबाहेरचं विधान

बाबा गेले त्याला चार महिने झाले, तरी प्राची पाटकर रडली नव्हती. तेराव्यानंतरच्या सोमवारीच ती परळच्या कचेरीत हजर झाली. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे. तिला स्वतःला मात्र दाढ काढल्यावर गाल बधिर होतो ना, तसं वाटत होतं, फक्त सगळ्या अंगभर.

तिचं काम आकडेवारीचं. ज्या प्रश्नाला पक्कं उत्तर नाही, त्यावर देशभरच्या डॉक्टरांचं मत घ्यायचं. प्रत्येक विधानाला एक ते नऊ गुण; नऊ म्हणजे पूर्ण पटलं. मग इतरांनी किती दिले ते नावं न सांगता कळवायचं आणि पुन्हा विचारायचं. दोन-तीन फेऱ्यांत बहुतेकांचं जुळलं की त्याची शिफारस होते.

मागच्या वेळी सगळं फारच छान जुळलं होतं, आणि हेच लतिकामॅडमना खटकलं. त्या तिच्या वरिष्ठ.

"प्राची, ज्यांचं पटत नव्हतं ते मधेच सोडून गेले. उरलेले आकडा बघून मधे सरकले. याला काय सहमती म्हणायची? या वेळी नुसते गुण नको, कारणंही पाठवू. गळतील त्यांना फोन करू. आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाही घेऊ."

विषय होता शेवटच्या आजारपणाचा. सतरावं विधान असं होतं : 'शेवट जवळ आला आहे, हे रुग्णाला आणि घरच्या सर्वांना स्पष्ट सांगावे.'

प्राचीला गुण द्यायचे नव्हते, पण तिचं उत्तर ठरलेलं होतं. नऊ. बाबांचं काही खरं नाही, हे डॉक्टरांनी तिच्या भावाला, स्वप्नीलला, सांगितलं होतं. त्याने ते दाबून ठेवलं. ती रोज डबा घेऊन जायची, "पुढच्या आठवड्यात घरी हां बाबा" म्हणायची आणि बाबा मान डोलवायचे. सगळं संपल्यावर तिला कळलं. तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं.

दुसऱ्या फेरीची कारणं लावताना एका नातेवाइकाचं उत्तर समोर आलं. गुण दोन. कारण : 'आईला माहीत होते. कुणाला सांगू नको, अशी तिने मला शपथ घातली होती. धाकटी बहीण अजून माझ्याशी बोलत नाही.'

प्राचीने ते वाचलं, योग्य रकान्यात टाकलं आणि पुढचं उघडलं. संध्याकाळी मात्र ती काळाचौकीला घरी न जाता चिंचपोकळीला उतरली. स्वप्नीलचं लेथचं छोटं वर्कशॉप तिथेच. त्याने मशीन बंद केलं.

"काय गं, अशी अचानक?"

"बाबांना माहीत होतं?"

तो कापसाच्या बोळ्याने हात पुसत राहिला.

"त्यांनीच विचारलं डॉक्टरांना. मी शेजारी उभा होतो. गुणाजी पाटकर तो, गिरणीच्या संपात दिवस काढलेला माणूस. त्याला कोण फसवणार?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"'प्राचीक सांगू नको, ती हसूक इसारतली,' म्हणाले." त्याने बोळा मशीनवर टाकला. "तू डबा उघडून हसत हसत ऑफिसच्या गमती सांगायचीस ना, ते हसणं विसरशील म्हणून. त्याचीच वाट बघत असायचे ते."

ती स्टुलावर बसली. म्हणजे ती बाबांना धीर देत नव्हतीच. ते तिला देत होते.

"नंतर तरी सांगायचंस."

"तू ऐकायला तयार होतीस?"

त्याने चहा मागवला. ती प्यायली. चव काही कळली नाही.

तिसऱ्या फेरीनंतरही सतराव्या विधानावर एकमत झालं नाही.

"गाळायचं?" मॅडमनी विचारलं. "पूर्वी आपण गाळायचो."

"नको. एकमत झालं नाही, असंच छापू. दोन्हीकडची कारणं त्याखाली देऊ."

मॅडमनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तू काय दिलं असतंस?"

"आधी नऊ. आता ठाऊक नाही."

रविवारी वहिनीने, किर्तीने, जेवायला बोलावलं. वडे-सागोती होती. स्वप्नील बाबांच्या खोड्या सांगत होता, मधेच थांबत होता. प्राची ऐकत होती, एखाद्या ठिकाणी दुरुस्तीही करत होती. किर्तीने आग्रह केला तेव्हा तिने आणखी एक वडा घेतला. रडू अजूनही आलं नव्हतं. पण या वेळी सागोतीच्या रश्शाचं तिखट जिभेला लागलं आणि तिने पाणी मागितलं.