त्या महिन्याचा फोल्डर

जिवंत माणसांनी पाठ फिरवली म्हणून आपण मेलेल्यांकडे आलो, असं फोटोकाका स्वतःच सांगायचे आणि स्वतःच हसायचे. बाजारात त्यांचा स्टुडिओ होता. दोन स्टुलं, मागे रंगवलेला पडदा आणि रडक्या पोरांना हसवायला एक खुळखुळा. घरोघरी मोबाइल आले तशी पडद्यावर धूळ साचायला लागली. त्याच सुमारास आमच्या रुग्णालयाला एक माणूस हवा होता. शवागारात येणाऱ्या बेवारस देहांचे फोटो काढायला कोणी तयार होईना. काका तयार झाले. मी तिथेच कचेरीत कारकून. त्यांचा संगणक माझ्या टेबलाला खेटून असायचा, त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

काम म्हटलं तर सोपं. ओळख न पटलेला देह आला की चेहऱ्याचा समोरून फोटो, दोन्ही बाजूंनी फोटो, अंगावरच्या खुणा, कपडे. देह फार दिवस ठेवता यायचा नाही. मुदत संपली की रुग्णालयामागच्या जमिनीत पुरायचे आणि वर पत्र्याचा नंबर ठोकायचे. नंतर कोणी शोधत आलं तर दाखवायला उरायचा तो फोटो. आधीचा फोटोवाला नाकाला रुमाल लावून दारातूनच क्लिक मारून पळायचा. काका आत जायचे. ओल्या फडक्याने रक्त पुसायचे, कपाळ स्वच्छ करायचे, केसांतून कंगवा फिरवायचे. शवागाराचा शिपाई चिडवायचा, "काका, पासपोर्टचा फोटो आहे काय हा?"

"अरे, उद्या ह्याची आई बघेल," काका म्हणायचे. "तिला हा ओळखू आला पाहिजे आणि ती जागेवर कोसळताही कामा नये. दोन्ही साधायचंय मला."

घरी काकू त्यांना आधी न्हाणीघरात पाठवायच्या, कपडे वेगळ्या बादलीत. आज कोण होतं, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं तर हा माणूस खरंच सांगत बसेल, ह्याची त्यांना धास्ती होती.

कॅमेऱ्यातले फोटो काका संगणकात उतरवून ठेवायचे, प्रत्येक महिन्याचा एक फोल्डर. मग कॅमेरा रिकामा करायचे. आणखी एक प्रत कुठेतरी ठेवायला हवी, असं ते साहेबांच्या कानावर घालून घालून थकले होते. "बघू" ह्या शब्दापलीकडे साहेब कधी गेले नाहीत. फाइलीला लावायची छापील प्रत आमच्या कचेरीतल्या जुन्या झेरॉक्सवर निघायची. तिच्यात चेहऱ्याच्या जागी शाईचा डाग आणि डागाला दोन कान.

एका सकाळी वीज पाठोपाठ अनेकदा गेली आणि आली. काकांनी संगणक सुरू केला तर काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. बंद करून पुन्हा लावला. आतून टक्, टक्, टक् असा आवाज यायला लागला, मग कोणी पत्र्यावर नख ओढावं तशी खरखर. काका खुर्चीवरून उठलेच नाहीत. मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, "जुनंच होतं ते. नवीन मागवू."

"आणि आतले फोटो?"

"जमलं तर काढून घ्या कुठून तरी. नाही जमलं तर सोडून द्या. इतक्या वर्षांत बघायला आले तरी किती जण?"

बघायला येणारे कमी होते हे खरं होतं. पण त्याच आठवड्यात एक ताई आली. कपडे धुण्याच्या मोठ्या कारखान्यात इस्त्रीचं काम करायची. हातांवर भाजल्याचे जुने डाग होते. तिचा धाकटा भाऊ भांडून घरातून गेला होता तो परतलाच नव्हता. आईवडील लहानपणीच गेलेले, त्याला हिनेच वाढवलेला. सगळी रुग्णालयं पालथी घालत ती आमच्याकडे पोचली होती. भावाच्या वयाचे, अंगलटीचे चार जण त्या सुमाराच्या एकाच महिन्यात आमच्याकडे आले होते आणि चौघेही मागच्या जमिनीत होते. मी झेरॉक्स दाखवल्या. तिने एकेक कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला.

"हे काय आहे?" ती म्हणाली. "हा माणूस आहे?"

काकांनी त्याच दुपारी संगणक उघडून हार्ड डिस्क काढली, टॉवेलात गुंडाळली आणि मला म्हणाले, "चल." ताई आमच्या मागोमाग निघाली. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं, पण नको म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

बाजारामागच्या गल्लीत बिघडलेल्या डिस्कमधलं गेलेलं परत काढून देणारी एक बाई होती. जिन्याखालचं दुकान, आत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबायचं. तिने डिस्क कानाशी धरली, मग स्वतःच्या मशीनला जोडली. फोल्डरांची नावं कशीबशी दिसली. ताईच्या महिन्याला हात लावताच खरखर सुरू झाली. बाईने झटकन वायर ओढली.

"काका, नीट ऐका," ती म्हणाली. "आत तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक टोक फिरत असतं. ते तबकडीला टेकायचं नसतं. तुमचं टेकायला लागलंय. जितका वेळ चालेल तितकं खरवडणार. आता दोन रस्ते आहेत. एक म्हणजे सुरुवातीपासून जे सहज निघतंय ते उतरवत जायचं, खराब जागा आली की ओलांडून पुढे. बरेचसे फोटो वाचतील. पण हा महिना नेमका खराब जागेत आहे. त्याची पाळी शेवटी येईल, आणि तोवर हे टिकेल असं मला वाटत नाही."

"आणि दुसरा?"

"आधी ह्याच महिन्यावर जायचं. मिळाला तर मिळाला. पण तिथे टोक घासलं की बाकी सगळं गेलं असं समजा."

"मोठ्या ठिकाणी पाठवलं तर?"

"पाठवा ना. तिथे बंद खोलीत उघडून टोक बदलतात. तुमचे साहेब पाठवतील?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. साहेबांना मी ओळखून होतो.

काका गल्लीत येऊन उभे राहिले. समोर एक माणूस सायकलची ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होता, ते बघत राहिले. मग ताईला म्हणाले, "ह्याच्यात शेकडो माणसं आहेत, ताई. मीच काढलेत सगळे. त्यांचंही कोणी असेल."

"असेल," ताई म्हणाली. "पण कोण आलंय त्यांचं? मी आलेय ना. मी इथे उभी आहे."

काकांची नजर पुन्हा त्या ट्यूबकडे गेली.

"माझा भाऊ ह्याच्यात नसेलही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "नसला तर मी पुढच्या गावाला जाईन. पण असून मला दाखवला नाही, तर मी आयुष्यभर शोधत बसेन, काका. जेवताना, काम करताना, दारावर कोणी आलं की."

काका आत गेले. बाई म्हणाली, "बटण मी दाबते. पण काय करायचं ते तुमच्या तोंडून ऐकू दे. उद्या माझ्यावर यायला नको."

"हिचा महिना," काका म्हणाले.

पहिल्या दोघांचे फोटो आले. दोघांकडे बघून ताईने नकारार्थी मान हलवली. तिसऱ्याची फाइल आली पण उघडेना. चौथ्याला डिस्क किंचाळायला लागली. बाईने तिच्यावर पंखा धरला, थांबवली, पुन्हा लावली. शेवटी फोटो उघडला, वरून खाली, पट्टी पट्टी करत. नीट विंचरलेले केस, कपाळ, भुवया, मिटलेले डोळे, अर्धं नाक. तिथून खाली सगळं राखाडी. ओठ नाहीत, हनुवटी नाही. चेहऱ्यावर कोणी चादर ओढून घेतल्यासारखं.

ताई पुढे वाकली. डाव्या भुवईत एक जागा रिकामी होती, तिथे केस नव्हते. तिने पडद्यावर त्या जागी बोट ठेवलं.

"माझी इस्त्री लागली होती," ती म्हणाली. "पाळण्यात होता. माझ्या हातून."

तेवढ्यात टकटक थांबली. बाईने कान लावला, वायर काढली, घातली, काढली. मग डिस्क आडवी ठेवून म्हणाली, "गेलं, काका."

दुसऱ्या दिवशी काकांनी ताईला मागच्या जमिनीत नेलं. गवत कमरेएवढं वाढलेलं, कित्येक पत्रे गंजून पडलेले. शिपायाने विळ्याने वाट काढली. नंबर सापडला. ताई खाली बसली आणि तिने भावाला शिव्या द्यायला सुरुवात केली. घरातून जाताना चप्पल घालायचीही तुला शुद्ध नव्हती, एवढा कसला राग, एवढं काय बोलले होते मी तुला. बराच वेळ ती बोलत होती. निघताना तिने काकांना हात जोडले नाहीत की आभार मानले नाहीत. "दोन वेळ जेवता येईल आता," एवढंच म्हणाली. त्यानंतर ती आम्हाला दिसली नाही.

काकांची खरी वाट लागली ती पुढे. माणसं यायची, पूर्वी यायची तशीच, अधूनमधून. काका त्यांना खरं ते सांगायचे. फोटो काढला होता, पण एका ताईसाठी मी बाकीचे घालवले. काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, मशीन बिघडलं म्हणा! तेही खरंच आहे ना?"

"ते अर्धं खरं झालं," काका म्हणायचे.

एकाने त्यांची गचांडी धरली. एक बाई म्हणाली, "तुम्ही कोण ठरवणारे?" मला ते एकदा म्हणाले, "तिचं बरोबर आहे. पण ठरवायला दुसरं कोण होतं रे तिथे?"

मग त्यांनी एक भलतंच केलं. मुलीला शोधत एक आई आली होती. तिने मुलीचं वर्णन सांगितलं, मनगटावरचं पाखराचं गोंदण सांगितलं. काकांना वाटलं, आपल्याला आठवतंय. असं मनगट आपण पुसलं होतं. त्यांनी नंबर सांगितला. आईने उंबरठे झिजवून परवानगी मिळवली आणि जमीन उकरली गेली. काका तिथे उभे होते. तपासणीचा निकाल आला तो आमच्या कचेरीतच तिला वाचून दाखवावा लागला. ती तिची मुलगी नव्हती. कोणा भलत्याच पोरीला बाहेर काढून आम्ही पुन्हा पुरलं होतं.

आई ओरडली नाही. तिने काकांना विचारलं, "मग तुम्हाला आठवलं ते कोण?"

काकांनी कॅमेरा माझ्या टेबलावर ठेवला आणि ते घरी गेले. पुन्हा कामावर आले नाहीत. त्यांच्या जागी कोणाची नेमणूक झाली नाही. आता शिपाईच मोबाइलवर फोटो काढतो. बरे येतात.

त्यांच्याकडे मी अजून जातो. ते खिडकीशी बसलेले असतात. पेपर पुढ्यात असतो, पान उलटत नाही. त्या काळात हरवलेल्याला शोधत कोणी आलंच, तर शिपाई त्यांचा पत्ता देतो. देऊ नकोस, असं मी त्याला बजावलं होतं. पण काकांनीच त्याला सांगून ठेवलंय, पाठवत जा म्हणून. काकू दार उघडतात. मनात आणलं तर त्या "घरी नाहीत" म्हणू शकतात, पण त्यांनी कधी तसं म्हटलं नाही.

परवा मी तिथे असताना एक म्हातारा आला होता. त्याचा मुलगा हरवून कितीतरी वर्षं झाली होती. काकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं सांगितलं, डिस्कचं, ताईचं, स्वतःच्या तोंडून निघालेल्या शब्दांचं. आठवून काही सांगणार नाही, हेही सांगितलं.

म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. "म्हणजे माझा पोरगा होता की नव्हता, हेच आता कळणार नाही."

"नाही," काका म्हणाले.

म्हातारा काठी शोधायला लागला. काठी खुर्चीमागे पडली होती. काकांनी वाकून ती उचलून दिली आणि त्याला हाताला धरून जिना उतरवायला गेले. खाली पोचायला त्या दोघांना फार वेळ लागला.