फुकटचा बन

आमची आजी पक्की कंजूष होती. हे मी तिच्या माघारी बोलत नाहीये. तिच्या देखतही सगळी गल्ली बोलायची आणि तिला त्यात काही वावगं वाटत नसे. गल्लीच्या तोंडाशी आमची बेकरी. आजोबा भट्टी सांभाळायचे, आजी गल्ला. ट्रेमध्ये उरलेला बिस्किटांचा चुरासुद्धा ती पुड्या बांधून विकायची. आम्ही नातवंडांनी बनला हात लावला की, "घरचे आहेत म्हणून काय झाडाला लागतात?" हे ठरलेलं.

अशा बाईने कुणाला आत बोलावून, स्टुलावर बसवून, लोणी लावलेला बन आणि चहा पुढे ठेवला, की त्या माणसाच्या काळजाचा ठोका चुकायचा.

कारण गल्लीतला एकुलता एक फोन आमच्या काउंटरवर होता. कुणाला मुलगा झाला, कुणी पास झालं, की आजी दारातूनच अशी ओरडायची की पलीकडच्या गल्लीलाही कळावं. वाईट बातमी मात्र तिने कधी उभ्या उभ्या दिली नाही. आधी खायला घालायची. बन संपला, कप खाली ठेवला, की समोर बसून, हात हातात घेऊन, एका वाक्यात सांगायची. मग त्या माणसाला घरापर्यंत सोडायला स्वतः जायची. गल्ला उघडा टाकून जायची, यावरून काय ते समजा.

एकदा समोरच्या शिंप्याला तिने हाक मारून बन दिला. बिचारा पांढराफटक पडला.

"मावशी, कोण गेलं?"

"कोणी नाही रे मेल्या! खालून करपलाय, गिऱ्हाईक घेईना."

शिंप्याने तो करपलेला बन आनंदाने खाल्ला आणि वर चार विकत घेतले. आजीचा धंदा असाही व्हायचा.

मला मात्र हा प्रकार मुळीच पटत नसे. शेजारच्या नर्सबाईंना मी त्या स्टुलावर बघितलं होतं. वडील आजारी होते त्यांचे. बन बघूनच सगळं समजलं होतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि आजी म्हणत होती, "चहात बुडवून खा, लवकर उतरेल." मी तणतणले, "त्यांना कळलंय ना? मग हा छळ कशाला?"

"कळणं वेगळं आणि ऐकणं वेगळं," आजी म्हणाली. "एकदा ऐकलं की घास घशाखाली उतरत नाही. आणि रडायलाही अंगात बळ लागतं, बाळा. माझी आई गेल्याचं मला उपाशीपोटी कळलं. तशीच धावत सुटले, नि तिच्या दारात चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तेव्हा तिला नेलं होतं. तोंडही बघायला मिळालं नाही मला."

तरी मला मनातून पटलं नव्हतंच.

पुढे आजोबा गेले. फोन घरोघरी आले, मग खिशाखिशात. काउंटरवरचा फोन मुका झाला, तरी आजी तो रोज पुसायची. बेकरी बाबा बघू लागले. आणि मग धाकटा काका, आजीचा लाडका, हृदयाच्या ऑपरेशनसाठी शहरातल्या दवाखान्यात दाखल झाला. बाबा त्याच्याजवळ थांबले, मी आजीजवळ. माझा मोबाइल वाजला की ती हातातलं काम थांबवायची. "काय म्हणतोय धाकटा?" मी "बरा आहे" म्हटलं की पुन्हा पुड्या बांधू लागायची.

त्या दुपारी फोन आला तेव्हा मी मागे भट्टीपाशी होते.

"गेला गं," बाबा म्हणाले. "आजीला सांग. पण आधी..." पुढचं सांगायची गरजच नव्हती.

मी चहा ठेवला. बन कापला, लोणी लावलं. लोणी फार झालं. एरवी तिने माझी खरडपट्टी काढली असती. बशी आणि कप घेऊन बाहेर आले आणि तिच्यापुढे स्टूल सरकवलं.

आजीने बनकडे पाहिलं. मग माझ्याकडे. स्टुलावर बसली, बन मोडला, चहात बुडवला आणि खाऊ लागली. सावकाश, एकेक घास चावून. मला ते बघवत नव्हतं, पण मी हलले नाही.

अर्धा बन खाऊन झाल्यावर तिने बशी माझ्याकडे सरकवली.

"खा."

"आजी, मला नको गं..."

"खा. सांगणाऱ्यालाही पोट असतं."

मी खाल्लं. कसं उतरलं माहीत नाही. माझा शेवटचा घास गिळून होईपर्यंत ती थांबली. मग तिने हात पुसले आणि माझे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

"हं," ती म्हणाली, "सांग आता."