आईच्या नावाच्या जागी चौकोन

आईच्या दहाव्याला आमच्या फाट्यावर फ्लेक्स लागला. वर ठळक लाल अक्षरांत भावपूर्ण श्रद्धांजली. खाली हात जोडलेले, आई ज्यांच्या घरी राबली ते मालक, त्यांचं नाव, पद, झालंच तर त्यांच्या पोराचंही नाव. आई कोपऱ्यात, आधार कार्डावरच्या फोटोत. आणि फोटोखाली, जिथं गयाबाई लिहायचं, तिथं रिकाम्या चौकोनांची रांग.

लोक त्याच्याखाली उभं राहून एसटीची वाट बघत होते. कुणालाच काही वाटलं नाही.

आईनं जन्मभर मालकांच्या गोठ्यातलं शेण काढलं, अंगण झाडलं. तिथं तिला कुणी नावानं हाक मारली नाही. ए झाडणारे, म्हणायचे. चहा पायरीखाली, वेगळ्या कपात.

मी मालकांना सांगितलं, नाव आलं नाही. गाडीत बसता बसता ते बोलले, "फोटो हाय न्हवं? तुझ्या आईचं नाव कोण वाचतंय?"

सोबतचे हसले. माझ्या भावानं माझा हात दाबला. दादा त्यांच्याच ट्रॅक्टरवर कामाला. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची मला अजून लाज वाटते.

मग ते चौकोन माझ्या मागंच लागले. भाकरी थापताना दिसायचे, बसच्या काचेवर दिसायचे. आईला आठवायला जावं तर तिच्या तोंडाच्या जागीही चौकोन. भ्यायले मी. वाटलं, हिला आता मीपण विसरणार.

शेवटी तुळजापूरला त्या फ्लेक्सच्या दुकानात गेले. दुकानदार सरळ बोलला. फोनवर आलेलं आईचं नाव त्यानं तसंच उचलून टाकलं होतं. त्या फॉन्टमध्ये तसली अक्षरंच नव्हती, म्हणून कॉम्प्युटरनं चौकोन टाकले. फॉन्ट बदलला असता तर नाव आलं असतं. मालकांचं नाव त्याच्याकडं कायमचं तयार असतं, गावात कुणीही मेलं तरी लागतंच. छापायच्या आधी कुणी बघितलं नाही का, मी विचारलं.

"नमुना पाठवला व्हता की ताई. मालकांनी बघून ओके केलं. फकस्त माझा फोटो मोठा करा म्हनले."

मशीनची चूक मी सोडून दिली असती.

घरून विळा घेतला आणि भर दुपारी फाट्यावर गेले. एका बाजूच्या दोऱ्या कापल्या, तेवढ्यात मालकांची गाडी थांबली.

"भाऊ आमच्याकडं कामाला हाय तुझा. ध्यानात हाय का?"

"हाय. आन् आईचं नाव मी वाचते, मालक."

फ्लेक्स अर्धा जमिनीवर लोळत होता. मालकांच्या फोटोवर पाय देऊन मी दुसऱ्या बाजूच्या दोऱ्या कापल्या.

दादाचं काम गेलं. तो माझ्याशी बोलत नाही. आईचा चेहरा मला अजून धड दिसत नाही, आणि कधी दिसेल असंही वाटत नाही. पण मालक, आमच्या मेलेल्या माणसांखाली तुमचं नाव आता लागणार नाही. लावून बघा. दिवसाढवळ्या येईन आणि कापीन.