म्हादबाच्या हातचा स्वयंभू

माघातली थंडी उतरू लागली, ऊन अजून कोवळे असले, की सणसरच्या शिवारावर एक वास तरंगत असतो. पहिल्या पाण्याने भिजलेल्या काळ्या मातीचा, बेण्यासाठी तोडलेल्या उसाच्या कांड्यांचा, आणि दूर कुठल्याशा गुऱ्हाळावर उकळणाऱ्या रसाचा. तो वास नाकात असेपर्यंत तरी माणसाने मूर्खपणा करू नये, असे माझे मत होते. पण मी गावच्या शाळेतला मास्तर. माझी पहिलीतली पोरे ऐकत नसत, तिथे गाव कुठून ऐकणार!

दुसऱ्या महायुद्धाला तेव्हा अजून चार-पाच वर्षांचा अवकाश होता. कालव्याच्या अंगाला काशीबाई नावाच्या विधवा बाईची दोन एकर काळी जमीन होती. दहा वर्षे तिने त्या जमिनीवर आभाळाकडे बघत ज्वारी काढली, आणि त्या साली तिला अखेर कालव्याच्या पाण्याची पाळी मंजूर झाली. जन्मातल्या पहिल्या उसासाठी ती सऱ्या पाडत असताना एरवीपेक्षा खोल गेलेला नांगर अडखळला आणि मातीतून एका दगडाचे गोल, गुळगुळीत डोके वर आले. सकाळी तो दगड होता. दुपारी त्याला शेंदूर लागला, तिसऱ्या प्रहरी नवस बोलले गेले, आणि सांजेला, खोटे बोलत असेन तर जीभ झडो, एका भाकड म्हशीने त्याच्याकडे नुसते पाहिले आणि पान्हा सोडला.

दुसऱ्या दिवशी बारामतीहून छकड्यातून शास्त्रीबुवा आणले गेले. त्यांचे पोट गावात शिरल्यानंतर ते स्वतः येईपर्यंत आम्ही दोनदा पान खाल्ले. सरीत पाट मांडून, त्यावर उभे राहून, उन्हात झळकणारी शेंडी सावरीत त्यांनी जे प्रवचन झोडले, त्याची धार अशी की बांधावरची बाभूळ तेवढ्यात अर्धी वाळली. घट आहे म्हणून कुंभार आहे. वस्त्र आहे म्हणून विणकर आहे. मग एवढे थोरले विश्व, सूर्यचंद्रांसह, ऋतूंसह, कर्त्यावाचून झाले म्हणणारा महामूर्ख नव्हे काय? हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिले, कारण पारावर बसून मी असे काहीबाही बोलतो हे त्यांच्या कानी गेले होते. आणि मग एक आवंढासुद्धा न गिळता, त्याच श्वासात, दगडाकडे बोट करून ते म्हणाले की हा मात्र स्वयंभू आहे! याला कोणी घडवलेले नाही. याची मुळे पाताळात आहेत.

मडक्याला कर्ता हवा, मुंडाशाला कर्ता हवा, तारामंडळाला तर हवाच हवा. नको तो फक्त या धोंड्याला! या विद्वत्तेपुढे लोकांनी माना डोलावल्या. मला त्या डोलणाऱ्या मानांची किळस आली, हे आज इतक्या वर्षांनीही मी नाकारणार नाही. निवाडा असा झाला की या दोन एकरांत पुन्हा नांगर घालायचा नाही, जमीन देवाची.

"आन् माझा ऊस?" काशीबाईने विचारले.

"देव देईल."

"धा वरीस देवानं पानी दिलं न्हाय, शास्त्रीबुवा. औंदा पाटकऱ्यानं दिलं."

हशा पिकला, पण तो तिच्या बाजूचा नव्हता. लोक नारळ फोडायला पुढे सरकले, तेवढ्यात गर्दीतून म्हादबा पाथरवट वाकत वाकत दगडापाशी आला. सत्तरी उलटलेला, बोटांची पेरे दगडासारखीच झालेली. त्याने शेंदरावरून अंगठा फिरवला आणि असा हसला की खोकलाच लागला.

"अरं, ह्यो माझा हाय!"

"म्हादबा, सकाळीच घेतलीया व्हय रं?" कोणीतरी ओरडले.

मग खोकल्यात थांबत थांबत त्याने सांगितले ते असे. कालव्याचे काम चालू असताना तो विशीतला, आणि काठावर लावायचे मैलाचे दगड घडवणे त्याच्याकडे होते. अक्षरओळख नव्हती, साहेबाच्या कागदावर दगडाचे चित्र आणि त्यात आकडा असे, तेवढे तो हुबेहूब उतरवी. एके दिवशी गोल डोके घडवून झाल्यावर त्याने कागद उलटा धरला. आकडा पायाशी गेला, तोही डोके खाली, पाय वर! साहेबाने असा थयथयाट केला म्हणे की निरा नदीचे पाणी दोन दिवस उलटे वाहिले. गाडीवरून ढकललेला तो दगड भर उन्हाळ्यात फाटलेल्या काळ्या रानाच्या भेगेत उभाच्या उभा उतरला, आणि पुढच्या पन्नास वर्षांत मातीने तो गिळला.

"खांद्याला छिन्नी घसरल्याली हाय बघा. खाली खना, उलटा आकडा घावंल."

शास्त्रीबुवा गरजले, "जो खणील तो रक्त ओकेल!"

एकही हात कुदळीकडे गेला नाही. पहार उचलली ती काशीबाईने. तिचे ओठ पांढरे पडलेले मला दिसत होते. आकडा निघाला नाही तर जमीन तर गेलीच होती, वर गावात कोणी तिला विस्तवही दिला नसता. ओल्या मातीत पहार रुतत होती, निघत होती. कालव्याचे पाणी संथ झुळझुळत होते. आणि पाताळापर्यंत गेलेली ती मुळे दोन हातांवर संपली. तळ सपाट. त्याच्या जरा वर, शीर्षासन घातल्यासारखा, सत्तेचाळीसचा आकडा.

बुवांनी डोळ्याचे पाते लवू दिले नाही. म्हणाले, "म्हादबा निमित्त! घडवणारा तोच!" आणि तुम्हांला सांगतो, माना पुन्हा डोलल्या. नारळ पुन्हा वर गेले. हरणे ज्यांना ठाऊकच नसते अशांशी वाद घालणे म्हणजे धुक्याला दावे लावणे.

पण म्हादबा आडवा झाला. त्याचे हसू आता मावळले होते. "निमित्त तर निमित्त. पर ह्ये माझं बिघडल्यालं काम हाय. बिघडल्याल्या कामाला चार गावं पाया पडत्यात, ही लाज मी म्हातारपनी कुटं ठिवू? मी न्हेनार." या बोलण्यावर शास्त्रार्थ चालेना. घडवणाऱ्याचा हक्क तर बुवांनीच तासभर गर्जून सिद्ध केला होता! चौघांनी हात लावला, दगड म्हादबाच्या गाडीत चढला, आणि आम्ही रानाबाहेर पडेपर्यंत मागे काशीबाईने बैल जुंपलेसुद्धा.

मी विजयाने इतका फुगलो होतो की धोतर आखूड झाले. गाडीमागून चालताना मात्र एक कुसळ मनात टोचू लागले. छिन्नीची खूण आहे म्हणून पाथरवट आहे, हे तर बुवांचेच प्रमेय. ते त्यांच्यावर उलटले एवढेच. फरक काय? छिन्नी चालताना मी पाहिली आहे, पाथरवट पाहिले आहेत; विश्व घडताना कोणी पाहिले? उत्तर बरे होते. तरी ते म्हादबावर घासून बघावे म्हणून मी विचारले, "म्हादबा, डोकं तुम्ही घडवलंत, आकडा तुम्ही. पण दगड कुणी केला?"

"खानीत हुता."

"आणि खाण?"

फळ्याकडे न बघणाऱ्या पोराकडे मी जसा बघतो, तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

"हुती की."

त्या दोन शब्दांत ना भक्ती होती ना बंड. बुवांना तिथे थांबता आले नसते. त्यांना तिथे एक मूर्ती बसवावी लागली असती. त्यांचा मला तिरस्कार होता, अजूनही आहे. पण उतरत्या उन्हात उसाच्या पाचटाचा धूर दरवळत असताना मला जाणवले की त्या 'हुती'पाशी मलाही स्वस्थ उभे राहता येत नाही. मीही तिथे काहीतरी बसवायला घाईने हात पुढे करतो आहे, आणि काय, ते मला अजून कळलेले नाही.

"मास्तर," म्हादबा म्हणाला, "चढ आला. जरा मागनं रेटा."

मी रेटले.