उत्तर दरवाजावरचे चौघे

माझी शेवटची पोस्टिंग परदेशात झाली. लष्कराच्या सिग्नल्समधून हवालदार म्हणून पेन्शन घेतली आणि डोंगरातल्या एका लहान राज्यात, राजाच्या गार्ड बटालियनला रेडिओ शिकवायला कॉन्ट्रॅक्टवर गेलो. त्या राज्याचं नाव लिहीत नाही. आज तिथे राजा नाही.

काम साधं. सकाळी सहाला सेट तपासायचे, मग दिवसभर चौक्यांशी संपर्क. राजवाड्याचा उत्तर दरवाजा कड्याखाली होता, तिथे सिग्नल पोचायचा नाही. म्हणून दर अर्ध्या तासाला तिथला एकजण सेट घेऊन टेकाडावर चढायचा आणि कंट्रोलशी बोलायचा. ही पद्धत मीच बसवली. आणि सगळ्यांना एक घोटून घेतलं होतं: माघारीच्या हुकमाला प्रत्येक चौकीचं ‘रॉजर’, म्हणजे हुकूम मिळाल्याची पोच, आल्याशिवाय रेडिओचं नेट बंद करायचं नाही.

त्या दुपारी अख्खं शहर राजवाड्याकडे निघालं होतं. चौक्यांना हुकूम होता, दरवाजे सोडायचे नाहीत, लोकांवर गोळी चालवायची नाही. १४:१० ला सेनाप्रमुख जनरल स्वतः कंट्रोल रूममध्ये आले. त्यांनी क्रांती समितीला परस्पर शब्द दिला होता, सव्वादोनला फौज बराकीत.

“सगळ्या चौक्या मागे घ्या.”

मी हुकूम पाठवला. तीन दरवाजांचं रॉजर आलं.

“सर, नॉर्थ गेट बाकी आहे. अडीचला वर येतील. वीस मिनिटं द्या, नाहीतर निरोप घेऊन रनर पाठवतो.”

“वेळ नाही. रनर नको. नेट बंद करा.”

“सर, चार माणसं आहेत तिथे.”

“हवालदार, सेट बंद!”

मी बंद केला. हात माझाच होता, ते मी कोणापासून लपवत नाही.

अडीचला त्यांनी टेकाडावरून हाक मारली असणार. ऐकायला कुणी नव्हतं. १४:४० ला जमाव तिथे पोचला. चौघांनी दरवाजा उघडला नाही आणि गोळीही चालवली नाही. संध्याकाळी प्रेतं आणायला मी गेलो. चारही मॅगझिन भरलेली होती. राजा पळाला, आणि जनरल नव्या सरकारातही सेनाप्रमुखच राहिले.

आता मी न्यूझीलंडमध्ये, मुलीकडे हॅमिल्टनला असतो. गेल्या महिन्यात इथल्या कम्युनिटी हॉलमध्ये एक भाषण होतं. वक्ता कोण? तर तेच जनरल! रिटायर होऊन टौरंगाला मुलाकडे आलेले. आयोजक नीलेश, पुण्याचा, आयटीतला. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक. “किया ओरा” असा इथला माओरी नमस्कार करून त्याने सुरुवात केली, “आजचे पाहुणे, ज्यांनी एकही गोळी न चालवता राजेशाही संपवली!” टाळ्या कडाडल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मुलगी मृण्मयीने माझा हात धरला. “बाबा, प्लीज. इथे नको.”

“मग कुठे?”

उभा राहिलो आणि इंग्रजीत सरळ विचारलं, “सर, गोळी कुणी नाही चालवली? तुम्ही तर बराकीत होता! बोट ट्रिगरवर असून ज्यांनी तो ओढला नाही ते मेले, आणि टाळ्या तुम्ही घेताय? लाज कशी वाटत नाही हो?”

जनरलनी चष्मा लावला. मला ओळखलं.

“हवालदार, तो दिवस कठीण होता. काही माणसं गेली, खरं आहे. किती होती... दोन?”

दोन! वर्षानुवर्षं भाषणं ठोकत हिंडतो हा माणूस, आणि याला आकडासुद्धा माहीत नाही.

“चार,” मी म्हणालो. “नाईक टेकबहादूर. लान्स नाईक दोर्जी. शिपाई पेमा. शिपाई कर्मा.”

जनरलनी पेन काढलं आणि भाषणाच्या कागदामागे नावं लिहायला लागले.

“लिहून घेऊ नका, सर,” मी म्हणालो. “पाठ करा.”

आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.