आप्पांची कांडी, निम्मी भरलेली

आमच्या लेकीने कळत्या वयात आजोबांना पहिल्यांदा पाहिलं ते श्टुटगार्टच्या विमानतळावर. आप्पांनी बॅग सोडून हात पसरले, ती धावत गेली आणि पोचता पोचता थबकली. दोन बोटांच्या चिमटीत नाक धरून म्हणाली, “आजोबा श्टिंक्ट!” आणि माझ्यामागे येऊन लपली.

“काय म्हणाली गं?” आप्पांनी मला विचारलं.

“काही नाही आप्पा, नवीन माणसांना लाजते जरा.”

नाक धरलेल्या पोरीचं भाषांतर करायला दुभाषी लागत नाही. आप्पांनी हात खाली घेतले, ट्रॉलीची मूठ धरली आणि झिंडेलफिंगेनला घरी पोचेपर्यंत फक्त रस्त्यांबद्दल बोलले. रस्ते चांगले आहेत म्हणाले.

माझ्या सासऱ्यांना घरात सगळेच आप्पा म्हणतात. सांगलीकडच्या एका तालुक्याच्या गावी वीज मंडळाच्या सबस्टेशनवर ऑपरेटर म्हणून त्यांची सगळी नोकरी झाली. रात्रपाळीत डोळा लागू नये म्हणून त्यांनी सिगरेट धरली, ती पाळ्या संपल्या तरी सुटली नाही. छातीत घरघर व्हायची. तिथल्या डॉक्टरांनी बजावून झालं, सासूबाईंनी शपथा घालून झाल्या, निकोटिनचं च्युइंगगम चावून झालं. दोन हजार तेराचा उन्हाळा होता. सासूबाई गुडघ्यांमुळे मागेच राहिल्या होत्या आणि पुन्हा एवढा प्रवास आपल्याला झेपेल की नाही हे आप्पांनाही ठाऊक नव्हतं. ते काही जर्मनी बघायला आले नव्हते. नातीने मांडीवर येऊन बसावं, एवढ्यासाठी आले होते.

आणि नात बसेना. त्यांनी सगळे उपाय केले. बाल्कनीत जाऊन ओढायचे, मग दात घासायचे, शर्ट बदलायचे, लवंग चघळायचे. संध्याकाळी सोफ्यावर बसून तिला हाक मारायचे. ती यायची, कस्टमच्या अधिकाऱ्यासारखी आधी कॉलर हुंगायची, मग बोटं हुंगायची आणि “नाइन”, म्हणजे नाही, म्हणून खेळायला निघून जायची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमधून येतं. त्या एका शब्दाचा आप्पांनी इतका धसका घेतला की पुढे पुढे त्यांनी हाक मारणंच सोडलं. मला ते बघवेना.

वडिलांसमोर या विषयावर तोंड उघडणं नवऱ्याच्या बापजन्मात शक्य नव्हतं. मग मीच आमच्या डॉक्टरीणबाईंना इलेक्ट्रिक सिगरेटबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, काहीच न ओढणं सगळ्यांत उत्तम. ही इलेक्ट्रिक सिगरेटची वाफही निर्धोक नाही आणि ते औषध तर नव्हेच. पण काही केल्या सुटत नसेल तर सिगरेटच्या जागी ही, आणि मग हळूहळू हीसुद्धा बंद, असं काहींना जमतं. मुलीजवळ मात्र ओढायची नाही.

म्हणून एका शनिवारी मी आप्पांना स्टेशनजवळच्या एका दुकानात घेऊन गेले. त्या वर्षांत अशी दुकानं नुकतीच उगवायला लागली होती. आत काचेच्या कपाटांत नाना आकाराच्या वस्तू मांडलेल्या: मुठीएवढ्या पेट्या, छोटे स्क्रीन असलेल्या, बंदुकीच्या दस्त्यासारख्या. आप्पांनी सगळ्यांत जाडजूड पेटीवर बोट ठेवलं. “ही दणकट दिसते.”

दुकानातल्या बाईंनी मान हलवली. “आल्झो,” म्हणजे ‘हं, तर’, म्हणत त्यांनी खालच्या खणातून पेनाएवढी एक कांडी काढली. वर द्रवाची चिमुकली टाकी, खाली बॅटरी, मध्ये एकच बटण, त्यातच दिवा. नवशिक्याने अशीच घ्यावी, त्या सांगत होत्या आणि मी मराठीत सांगत होते. मोठ्या पेट्यांमध्ये सुटे सेल काढायला-घालायला लागतात, ते खिशात किल्ल्यांबरोबर राहिले तर आग लागते. हिची बॅटरी आत बंद. झुरकाही सिगरेटसारखाच लागतो. फक्त दोन घ्या, म्हणजे एक चार्जिंगला असली तरी दुसरी हाताशी राहील.

“दोन कशाला?” आप्पा म्हणाले. “तोंड एकच आहे ना?” शिवाय जुन्या बाजारात याहून स्वस्त बघितल्याचंही त्यांनी मला ऐकवलं. मी म्हटलं, कांडी स्वस्त चालेल, पण चार्जर तिच्याबरोबर मिळालेलाच पाहिजे, नाहीतर मी घरात येऊ देणार नाही. माझा आवाज जरा चढला असावा, कारण त्यांनी निमूटपणे एक कांडी घेतली. द्रवाचा वास निवडताना मात्र त्यांचा चेहरा उजळला. तंबाखूचे सगळे वास त्यांनी नापास केले आणि एका बाटलीशी थांबले. “अगं, ही तर बडीशेप!”

माझं पोट बॅटऱ्यांवर चालतं. एका सुट्या भागांच्या कंपनीत मी गाड्यांच्या बॅटऱ्यांचे सेल तपासते: तापवते, गारठवते, भरते, रिकामे करते. माझ्या टेबलावर एक मेलेला सेल होता, मधोमध उभा कापून पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये ओतलेला. तो मी आप्पांसाठी घरी आणला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ धरला. आत तांब्याचा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये त्याहून पातळ पडदा, आणि सगळं सुरळीच्या वडीसारखं गच्च गुंडाळलेलं.

“आणि गाडी यावर चालते?”

“अशा पुष्कळ सेलांवर. तुमच्या कांडीत याचाच धाकटा भाऊ आहे.”

ज्या माणसाने आयुष्यभर वीज म्हणजे गुणगुणणारे ट्रान्सफॉर्मर आणि हातभर लांबीचे खटके एवढंच पाहिलं होतं, तो करंगळीएवढ्या नळीकडे बघत बसला होता. मी रोज शेकड्याने सेल हाताळते. त्या दुपारी आप्पांच्या हातातला तो तुकडा बघून माझ्याही अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी हे काम नीट पाहिलंच नव्हतं असं वाटलं.

मग मी त्यांना सेलाचे नखरे सांगितले. सेल म्हणजे सासुरवाडीला आलेला जावई. त्याला ऊन सोसत नाही, उपाशी ठेवलेलं चालत नाही आणि पोट तुडुंब भरून तसंच बसवलेलंही आवडत नाही. दिवा हिरवा झाला की चार्जरवरून काढायची. नारिंगी म्हणजे निम्मी, लाल म्हणजे संपत आली. उन्हात ठेवायची नाही. टाकी फार आवळायची नाही. आणि बरेच दिवस वापरायची नसेल तर टाकी काढून, निम्मी भरून, थंड जागी ठेवायची.

“निम्मी?” एवढं एकच त्यांना पटलं नाही. “निम्मं कधी काही ठेवू नये.”

आठवड्याभरात सिगरेट बंद झाली. लेकीने कॉलर हुंगली, बोटं हुंगली, जरा विचार केला आणि “जा, गेट,” म्हणून, म्हणजे ठीक आहे, चालेल म्हणून, आप्पांच्या मांडीवर चढून बसली. हात कुठे ठेवावेत हेच आप्पांना कळेना. ते दोन्ही बाजूंना अधांतरी धरून बसले होते. स्वयंपाकघराच्या दारातून मी आणि नवरा ते चोरून बघत होतो, आणि नवऱ्याने माझ्याकडे बघायचं टाळलं.

पण आप्पा कांडी चार्जरवरून काढत नसत. बाल्कनीत दोन झुरके घेतले की परत चार्जरला, जेवून आले की परत चार्जरला. मी काढून ठेवायचे, ते पुन्हा लावायचे. एकदा मी वैतागून विचारलंच, तर म्हणाले, “आहे तोवर भरून घ्यावी. कधी जाईल सांगता येतं का?”

वीज म्हणायची होती त्यांना. भारनियमनाच्या वर्षांत अख्ख्या तालुक्याची वीज वेळापत्रकाप्रमाणे घालवणारे हात त्यांचेच होते. आपण खटका ओढला की घराघरांत काय होतं ते त्यांना पाठ होतं. त्यामुळे त्यांच्या घरी टाकी भरलेली, टॉर्च भरलेला, मोबाइल भरलेला, कंदिलात रॉकेलसुद्धा भरलेलं. इथे वीज जात नाही हे मी सांगायचे, आणि ते लहान मुलाचं ऐकावं तसं ऐकून घ्यायचे.

शेवटी एका रविवारी व्हायचं तेच झालं. कांडी चार्जरला, चार्जर खिडकीशी, आणि ऊन थेट खिडकीवर. नाश्ता आटोपून मी तिथे गेले तर ती हाताला चटका बसेल इतकी तापलेली आणि दिवा वेडावाकडा लुकलुकत होता. मी तिचा चार्जर काढला आणि तिला बाल्कनीत नेऊन रिकाम्या मातीच्या कुंडीत ठेवलं.

“आता ही वापरायची नाही, आप्पा. उद्या नवीन आणू.”

“उद्या? आज का नाही?”

“आज रविवार. इथे सगळं बंद असतं.”

त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या सुटकेसच्या कप्प्यात सिगरेटचं एक पाकीट आहे हे मला माहीत होतं, नवऱ्याला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे आप्पांनाही माहीत होतं. ते खोलीत गेले, कप्प्याची चेन वाजली, आणि बूट घालून ते बाहेर पडले. मुलगी खिडकीतून हात हलवत राहिली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

दुपारच्या जेवणाला ते आले नाहीत. फोन घरीच टाकून गेले होते. नवरा सायकल घेऊन दोनदा फिरून आला. मला त्यांचा राग येत होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. हरवतील याची नव्हे. संध्याकाळी परत येतील, लेक कॉलर हुंगेल आणि तो एक शब्द म्हणेल, याची.

ऊन कलल्यावर आप्पा आले. बुटांना धूळ, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. लेक धावत दाराशी गेली. आम्ही दोघं जागच्या जागी उभे. तिने त्यांना खाली वाकायला लावून कॉलर हुंगली. बोटं हुंगली. मग मिशीही हुंगली.

“श्टिंक्ट निश्ट,” वास येत नाही, असं तिने जाहीर केलं, आणि त्यांचा हात धरून त्यांना सोफ्याकडे ओढून नेलं.

आप्पांनी खिशातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. वरचा कागदही फाटलेला नव्हता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

“कुठे होतात हो?” मी विचारलं.

“ओढायलाच निघालो होतो,” ते म्हणाले. “तेवढ्यात गावाबाहेर आपलं सबस्टेशन दिसलं.” जगातलं कुठलंही सबस्टेशन त्यांच्या लेखी आपलंच. “कुंपणाशी बसलो दिवसभर. अगं, माणूस नाही तिथे एकही! कंट्रोल रूमला कुलूप. आणि सगळं चालू. ट्रान्सफॉर्मर असा गुणगुणतोय, आवाज जरासुद्धा बदलला नाही. मी म्हटलं, आता जाईल, मग जाईल. गेलीच नाही. हातात पाकीट तसंच राहिलं.” मग मांडीवरच्या नातीच्या केसांवरून हात फिरवत हळूच म्हणाले, “खरंच जात नाही गं इथे.”

सोमवारी नवीन कांडी आली. त्या दिवसापासून हिरवा दिवा लागला की आप्पा ती लगेच काढायचे, सुती रुमालाने पुसायचे, सावलीत ठेवायचे. द्रव संपला की पुढची बाटली आदल्या बाटलीपेक्षा सौम्य, कमी निकोटिनची आणायला सांगायचे. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. एवढ्या जुन्या सवयीला तो म्हातारा माणूस रोज थोडा थोडा मागे सारत होता आणि मी ते शेजारच्या खुर्चीवर बसून बघत होते. कामावर मी रोज अद्भुत वस्तू बघते. याच्या पासंगाला पुरेल असं तिथे काही नाही.

शरद ऋतूत ते परत गेले. विमानतळावर लेकीने त्यांची कॉलर सोडली नाही, या वेळी हुंगण्यासाठी नव्हे. त्यांची खोली आवरताना खणात मला चार्जर सापडला, नीट गुंडाळून ठेवलेला. कांडी नव्हती. मला वाटलं, घाईत चार्जर विसरले. आता तिकडे भलताच कुठलातरी लावतील. रविवारी व्हिडिओ कॉल लावला तेव्हा मी आधी तेच काढलं.

“आप्पा, चार्जर इथेच राहिलाय. मिळेल तो लावू नका हं, मी पाठवते.”

“कांडी कुठे आहे माझ्याकडे?”

“मग कुठे गेली?”

“तुमच्या केलरमध्ये. बटाट्यांच्या वरची फळी, रुमालात. तूच म्हणाली होतीस ना, बरेच दिवस वापरायची नसेल तर थंड जागी…” एवढ्यात पडद्यावर अंधार झाला. “गेली बघ वीज,” त्यांचा आवाज आला. आणि मग हसले. “जाऊ दे.”

मी लेकीला घेऊन तळघरात, आमच्या केलरमध्ये उतरले. बटाट्यांच्या वर, घडी घातलेल्या रुमालात, टाकी काढून धुतलेली आणि बाजूला कांडी. मी बटण दाबलं.

दिवा नारिंगी लागला.