वायर हातात आणि सर्व्हर चालू

“बाजूला व्हा पाव्हणं! या घरात नारळ फुटल्याबिगर एकबी मशीन चालू झालेलं न्हाई!” मामा, म्हणजे माझे सासरे, ओरडत होते आणि मी दोन्ही हात पसरून त्या सीपीयूसमोर उभा होतो...

तर मंडळी, आधीच सांगतो — भूतखेत, चमत्कार, अंगात येणं, यातलं मला काही म्हणजे काही पटत नाही. सांगलीत कॉम्प्युटरची कामं करतो. आमच्या धंद्यात भूत एकच, जाणारी लाइट. पण इस्लामपूरजवळच्या माझ्या सासुरवाडीत, यात्रेच्या दिवशी, भर सकाळी जे झालं ते वाचा.

मामा रिटायर सुभेदार. मेहुणा संदीपही फौजेत, वर बर्फात. तिकडं नेट इतकं बारीक की व्हिडिओ कॉल लावला की पोराचं नुसतं नाक दिसतं आणि तेही अडकतं. त्यात त्या दिवशी दुपारी तो वरच्या चौकीवर जाणार होता, तिथं फोनच नाही. मामींचं एकच म्हणणं — “जायच्या आधी पोराला पालखी दिसू दे.” आणि मी अख्ख्या भावकीसमोर बोलून बसलो, “हलकं वेबपान बनवतो, घरातूनच सर्व्हर चालवतो. पालखी दारात यायच्या आत संदीपला दिसंल.” पानाचा पत्ता त्याला कळवूनही टाकला.

लोकांना वाटतं लिनक्सवर वेब सर्व्हर चढवायचा म्हणजे रॉकेट सोडायचं. अपाची वेगळं, डेटाबेस वेगळा, पीएचपी वेगळं, मग तिघांची सोयरीक जुळवा — हा झाला लांबचा घाट. सोपी वाट म्हणजे उबुंटू नावाच्या लिनक्सचा एकच आदेश, तिघं एका दमात येतात. फक्त शेवटी टोपीसारखी एक खूण असते, ती विसरायची नाही. ती विसरलेले एवढे इंजिनियर मी सांगली-साताऱ्यात बघितलेत की त्यांचा मोर्चा निघेल.

मी टोपीसकट आदेश दिला, एंटर मारलं, टक्के चढायला लागले. नेमकं तेव्हाच मामांना आठवलं, मशीनची पूजा राहिली. ट्रॅक्टर, विहिरीवरची मोटर, मामींचा मिक्सर — सगळ्यांचा नारळ झालेला. मी म्हटलं, “आवं मामा, भाईर पायरीवर फोडा की.”

“पायरी व्हय चालू करायचीय?”

आणि फोडला. थेट सीपीयूच्या कोपऱ्यावर. हात सुभेदाराचा... तिकडं कोयनानगरात लोक घराबाहेर पळाले असतील. सगळं पाणी वरच्या जाळीतून आत. चर्र झालं, धूर निघाला, स्क्रीन काळी. टक्के निम्म्यालाही पोचले नव्हते. बाहेर हलगी जवळ येत होती.

मी घाईनं वायर उपसली. सकाळी बायकोनं काढलेले पालखीचे फोटो ज्यात होते तो पेनड्राइव्ह अजून माझ्या खिशात, हे लक्षात ठेवा. तेवढ्यात मामांचा फोन वाजला. संदीप.

“आबा, दिसली पालखी. पान झटक्यात उघडलं. आईला सांगा.”

मामी मटकन खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मग काय! आळीतल्या झाडून सगळ्यांनी मोबाइलवर पान उघडलं. उघडत होतं, फोटोसकट! मला खांद्यावर घेतलं, गुलालात बुडवलं. माझी मिरवणूक पालखीच्या मागं होती. काहीजण पुढं होती म्हणतात, मी वाद घालत नाही.

“पाव्हणं, वायर तर तुमच्या हातात हाय की,” चुलत सासरे खालून म्हणाले.

“वायरलेस हाय ते,” मामांनी परस्पर सांगून टाकलं.

संदीप चौकीकडं निघेपर्यंत पान चाललं, मग आपोआप बंद. सांगलीत दोस्ताच्या दुकानात तो डबा खोलला. बोर्ड करपलेला, आत खोबऱ्याचा वास आणि डिस्क कोरी करकरीत. उबुंटूसुद्धा नाही! मी स्वतःच्या हातानं चढवलेलं... मोबाइलनं आधीच साठवलेल्या कॅशमधून दिसलं असेल म्हणू नका; जे पान कधी बनलंच नाही ते कॅशमध्ये कुठून येणार?

नंतर संदीप सुट्टीवर आला. मी त्याला मळ्यात बाजूला घेतलं. “खरं सांग गड्या, त्या दिवशी तुला नक्की काय दिसलं?”

त्यानं उसाच्या कांड्याचा चोथा थुंकला.

“पालखी,” तो म्हणाला. “फोटो आडवा आलता, दाजी.”